कणसांची टोपडी

मानवतात ब्लाउज शिवणाऱ्या बायका गल्लोगल्ली सापडतील. ज्वारीच्या कणसाला टेप लावून माप घेणारी मात्र मी एकटीच, हे मी छातीठोकपणे सांगते. ते माप घेताना पाहून शेजारपाजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. त्यांतल्याच दोघी नंतर डाळिंबाला असंच काहीतरी शिवून दे म्हणत माझ्या दारात आल्या. मी शिवून दिलं. हसल्याचा राग मी फार दिवस धरत नाही, दोन-तीन महिने पुरतो.

आमच्या घरामागे दोन खोल्यांएवढी मोकळी जागा आहे. तिच्यात एक पेरू, एक कढीपत्ता, मोगऱ्याची दोन झुडपं आणि कुंपणाला लागून बेल. बेल मी मुद्दाम लावला, कारण आमच्यात रोजच्या लिंगपूजेला बेल लागतो आणि बाजारातला सुकलेला बेल मला चालत नाही. उरलेल्या जागेत मेथी, कोथिंबीर, कधी चार वांगी. तिथे ज्वारी पेरावी असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. ज्वारीला शेत लागतं, आणि शेत माझ्या धाकट्या भावाकडे, राणीसावरगावला.

माय माझ्याकडे राहायला आली ती गुडघ्यांपायी. गावाकडच्या घराला सहा पायऱ्या, आणि डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. येताना तिने दोन पातळं, पूजेचं सामान आणि दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा आणला. डब्यात राख आणि कडुलिंबाचा वाळका पाला. मी तो कचऱ्यात टाकायला निघाले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. राखेच्या तळाशी मूठभर बी होतं.

ती लाह्यांची जवारी. भाकरीची ज्वारी भाजली तर निम्मी फुटते, निम्मी करपते. हिचा दाणा बारीक आणि टणक, पण तव्यावर पडला की पुरता फुलतो. नागपंचमीला गावाकडे आमच्या गल्लीतली निम्मी घरं लाह्या आमच्याकडून नेत. मायला हे बी तिच्या सासूने दिलं होतं, सासूला तिच्या सासूने. माझी वहिनी फार लवकर गेली, त्यामुळे पुढे द्यायचं कुणाला हा प्रश्न मायच्या डब्यातच पडून होता. भाऊ कापूस आणि सोयाबीन घेतो. आधी बांधाकडेला दोन तासं, म्हणजे दोन ओळी, तो मायसाठी म्हणून पेरायचा, मग तेही बंद झालं.

"चार वर्साचं बी हाय," माय म्हणाली. "औंदा न्हाई पेरलं तर पुढल्या साली उगवायचं न्हाई. तुझ्या परसात पेर."

दसरा झाल्यावर मी वांगी उपटली आणि ती मूठभर ज्वारी पेरली. निम्मं बी किड्यांनी पोकळ केलेलं होतं. उरलेल्यातून तेवीस धाटं उभी राहिली. ती गेली असती तर हे वाण जगातून नाहीसं झालं असतं असं मी म्हणणार नाही, कुणाच्या तरी शेतात असेलही. पण मायच्या हातातून गेलं असतं. ती रोज सकाळी काठी टेकत मागे जायची आणि धाटं मोजायची. रात्रीतून धाटं कुठे जाणार होती कोण जाणे, पण ती मोजायची, आणि तेवीस भरली की तिचा चेहरा सैल व्हायचा.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याची खोप करून तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असा बेत असतो. जेवणाआधी चर शिंपतात, म्हणजे पिकाभोवती फिरत आंबील शिंपडायची आणि अन्नाचे घास चारी दिशांना टाकायचे. जमिनीत, झाडावर, आभाळात जे कोणी आहे ते जेवून जावो, असा त्याचा अर्थ. मायची एकही येळवस आजवर चुकली नव्हती. गुडघ्यांमुळे शेत दूर गेलं, तर तिने हुकूम सोडला, येळवस परसातच करायची.

आम्ही केली. गुडघाभर उंचीची खोप बांधली, पाच खडे पुजले. मी पुढे आंबिलीचा गडू घेऊन, माय मागे परात घेऊन, तेवीस धाटांभोवती पाच फेऱ्या मारल्या. मायने हात आखडता घेतला नाही. पाच एकराला पुरेल एवढा चर तिने त्या एवढ्याशा जागेत शिंपला. शेतात तो घास मातीत कुठे जिरतो ते दिसतही नाही. इथे परसाची जमीन उंड्यांनी आणि भाताने पांढरी झाली होती. मला बरं वाटत होतं. खरं सांगते, त्या क्षणी मला एवढंच वाटलं की मायची येळवस घडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंक्या आल्या. तिसऱ्या दिवशी चिमण्या आल्या. आठवडा होतो न होतो तोच पोपटांची एक टोळी पेरूवर उतरली, आणि पेरूवरून तिला खाली निसवून बाहेर आलेली कणसं दिसली. आजूबाजूच्या दहा गल्ल्यांत ज्वारीचं एक धाट नाही. गावातल्या यच्चयावत पाखरांना एकच घर सापडलं, आणि तो पत्ता आम्हीच वाटला होता. शेतकऱ्याच्या लेकीला एवढं कळू नये, याचा मला अजून राग येतो.

दाण्यात दूध भरायला लागलं होतं. पोपट कणसाची मान कुरतडून अख्खं कणीस खाली पाडत, दहा दाणे खात आणि दुसऱ्याकडे वळत. ती उधळमाधळ बघवत नव्हती. चार दिवसांत चार कणसं गेली. मायची मोजणी एकोणीसवर आली आणि तिथून पुढे ती मोठ्याने मोजेनाशी झाली.

सगळ्यात वाईट वेळ सकाळची. पाखरं उजाडता उजाडता येतात आणि नेमकी तेव्हाच माय पूजेला बसते. लिंगपूजा होईपर्यंत ती पाणीही घेत नाही आणि जागची उठत नाही. मग राखणीला मी. मी गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला आणि लाटण्याने बडवला. दोन सकाळी पाखरं उडाली. तिसऱ्या सकाळी साळुंक्या कुंपणावर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. समोरच्या घरात बारावीची मुलगी अभ्यास करत होती, तिच्या आईने येऊन हात जोडले. मी डबा ठेवून दिला. मग चकचकीत पट्ट्या बांधल्या, जुन्या सीड्या टांगल्या. त्या वाऱ्यावर छान फिरत, आणि पोपट त्यांच्या शेजारी बसून खात.

माय पूजा आटोपून आली तेव्हा मी दगड उचलला होता. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आवतन कुणी दिलं? तू अन् मी दिलं. जेवायला बलवायचं अन् आली की दगड मारायचा? ही बेइमानी हाय."

"माय, ती तुझं बी खायलीत," मी म्हटलं.

"खायलीत. मला दिसतंय. तरी दगड न्हाई."

लहानपणी हीच बाई शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होती, हे तिनेच आम्हाला शंभर वेळा सांगितलेलं. मी ते तिच्या तोंडावर फेकलं. तर म्हणाली, गोफणीचा खडा पाखराच्या अंगावर न्हाई मारायचा, शेजारच्या धाटांत मारायचा, म्हणजे सळसळ होती अन् पाखरू उठतं. वर म्हणाली, शेतात उठलेलं पाखरू दुसऱ्याच्या शेतात जातं, इथनं उठलेलं कुठं जाणार? मी भांडण आवरतं घेतलं आणि मशीनवर जाऊन बसले.

आमच्या ह्यांना माझी तगमग बघवेना. त्यांचं किराणा दुकान आहे, तिथे येणाऱ्या प्रत्येकाकडे प्रत्येक गोष्टीवर इलाज असतो. एकाने त्यांना दाण्यात कालवायची विषारी पूड सुचवली. दुसऱ्याने मासे धरायचं जाळं दिलं. पूड म्हणताच मी असं काही बघितलं की तो विषय तिथेच मेला. जाळं मात्र मला पटलं. चार बांबू रोवले, वरून जाळं सोडलं, आणि त्या रात्री मी बिनघोर झोपले.

सकाळी शिलाईला बसले होते. मागून फडफड ऐकू आली. जाऊन पाहते तर एक साळुंकी जाळ्यात उलटी लटकलेली. एक पाय आणि एक पंख अडकलेला, आणि ती जितकी झटापट करत होती तितका दोरा आवळत होता. कुंपणावर बाकीच्या साळुंक्यांनी आकांत मांडला होता. मला हातच लावता येईना. आयुष्यभर दोरा हाताळलाय मी, पण दोऱ्याचं असं काम कधी पाहिलं नव्हतं.

शेजारी वनखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, मूळचे झरीचे. आम्ही त्यांना गार्डसाहेबच म्हणतो. आवाज ऐकून ते भिंतीवरून डोकावले.

"ताई, आधी तिच्या डोक्यावर कापड टाका. अंधार झाला की पाखरू शांत होतं. मग दोरा कापा, पाखरू वढू नका."

मी कुणाच्या तरी ब्लाउजचा पीस आणला, तिच्यावर टाकला. ती खरंच थांबली. धागे कापायच्या छोट्या कात्रीने मी एकेक दोरा तोडत गेले. पायाची साल निघाली होती, पण पाय मोडला नव्हता. गार्डसाहेबांच्या सांगण्यावरून तिला भोकं पाडलेल्या चपलांच्या खोक्यात अर्धा तास ठेवली, मग झाकण उघडलं. ती बेलावर जाऊन बसली आणि मला शिव्या घालत राहिली. मला लाज वाटली, आणि ती लाज लपवावी असंही वाटलं नाही.

"जाळं लावायचं तर जाड दोऱ्याचं, ताणून, पाखराला दिसंल असं," गार्डसाहेब म्हणाले. "अन् दिवसातनं दोनदा बघायचं. असं सैल सोडलं तर तो सापळा झाला. तुमी त्याला काय बी म्हणा, कायदा सापळाच म्हणणार. पाखरू मारायचं न्हाई, धरायचं न्हाई, अंड्या-पिल्लांचं घरटं मोडायचं न्हाई. विष तर न्हाईच न्हाई. पोपट पिंजऱ्यात ठेवला तरी गुन्हा हाय."

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"तुमचं पीक झाका. त्याला कुणी ना म्हणत न्हाई."

मी जाळं उतरवलं आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मोठ्या कात्रीने त्याचे तुकडे केले. दुपारी हे जेवायला आले, तुकडे बघितले आणि हळूच म्हणाले, "अगं, ते मागून आणलं होतं." ज्याचं होतं त्याला मी नंतर दोन शर्ट फुकट शिवून दिले. त्याने कुरकुर केली नाही, उलट शर्ट चांगले बसले म्हणाला.

पीक झाका, हे वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. आणि मग एस.टी.च्या खिडकीतून परभणीजवळ पाहिलेली एक गोष्ट आठवली. विद्यापीठाच्या शेतात ज्वारीच्या प्रत्येक कणसावर खाकी कागदाची पिशवी घातलेली असते. बियाण्याच्या कामासाठी ते तसं करतात. लहान असताना मला वाटायचं कणसांची शाळा भरली आहे. कागदाची पिशवी आमच्याकडच्या दवात दोन दिवस टिकली नसती. पण कापड? कापड तर माझं कामच.

त्याच संध्याकाळी मी टेप गळ्यात घालून परसात उतरले. प्रत्येक कणसाचा घेर घेतला, उंची घेतली, वहीत लिहिली. कणसंही माणसांसारखीच निघाली. एकसारखी दोन नाहीत, कुणी पोटात सुटलेलं, कुणी खांद्यात अरुंद. मी सरसकट एका मापाची पिशवी शिवू शकले असते, पण ढगळ पिशवीत वारा भरला असता आणि घट्ट पिशवीने दाणा दाबला असता. माप ते माप. खाली नाडा, वर निमुळता शेंडा. शिवून झाल्यावर त्या पिशव्या तान्ह्या बाळाच्या टोपड्यासारख्या दिसायला लागल्या, आणि मायने त्यांना तेच नाव ठेवलं.

एकोणीस टोपडी एका दिवसात शिवली आणि चढवली. पोपट आले, एका टोपड्यावर चोच मारून पाहिली, पेरूवर बसले आणि निघून गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं आणि जोरात टाळी वाजवली.

पाचव्या दिवशी एक टोपडं सहज काढून पाहिलं. आंबूस वास आला. दाणे काळपट पडले होते, दोन बोटांत धरले तर बुळबुळीत लागले. दुसरं काढलं, तेही तसंच. मायने कणीस हातात घेतलं, वास घेतला, आणि मग टोपडं उलटं करून बोटांनी चोळून पाहिलं.

"ह्ये कसलं कापड हाय?"

ते पॉलिस्टर अस्तर होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावून सांगते, बाई गं, अस्तर सुतीच घे, पॉलिस्टर घाम शोषत नाही, अंगाला चिकटतं. आणि घरचं काम म्हणून मी तेच न खपलेलं अस्तर काढलं होतं. रात्री दव, दिवसा ऊन, आत कोंडलेली वाफ. कणसालाही घाम येतो हे मला सुचायला पाहिजे होतं, कारण असल्या गोष्टींत मी स्वतःला शहाणी समजते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

बाकीची लगेच उघडून पाहिली, ती वाचली होती; सतरा उरली. मी कपाट उघडलं. लग्नसराईसाठी आणलेली पांढरी मलमल होती, नवरीच्या ब्लाउजला आतून लावायला ठेवलेली. तिच्यावर कात्री चालवताना मला एकदाही वाईट वाटलं नाही. या खेपेला कापड दाण्याला टेकूच नये म्हणून प्रत्येक टोपड्यात दोन ठिकाणी माझ्या जुन्या प्लास्टिकच्या बांगड्या शिवल्या, म्हणजे कापड कणसापासून दूर उभं राहतं आणि वारा खेळतो. रोज दुपारी उन्हात दोन-दोन टोपडी सोडून आत बघायचं हे मी स्वतःला लावून घेतलं. दाणे कोरडे राहिले. आठ दिवसांनी बघितलं तर ते भरून टणक व्हायला लागले होते.

पण पाखरं अजून येतच होती. कणीस मिळेना तर साळुंक्या मेथी उपटायला लागल्या, पोपट टोपड्यांचे नाडे ओढायला लागले. एक नाडा त्यांनी सोडवलाही. आणि माय रोज उरलेली भाकरी कुस्करून नेमकी तिथेच, धाटांच्या बुडाशी टाकत होती. मी तिच्यावर ओरडले. आईवर ओरडू नये हे मला माहीत आहे, तरी ओरडले. म्हटलं, एकीकडे मी झाकायलेय आणि तू एकीकडे वाढायलीस, मला वेडी करून सोडशील.

माय रागावली नाही. जरा विचार करून म्हणाली, "पंगत मोडायची न्हाई. हलवायची."

दुसऱ्या दिवसापासून तिने भाकरीचा कुस्करा एका थाळीत ठेवला. पहिल्या दिवशी थाळी धाटांपासून हातभर दूर. पुढच्या दिवशी दोन हात. रोज काठीने ती जरा जरा सरकवत गेली. कढीपत्त्याखालून बेलाखाली, बेलाखालून घराच्या कडेच्या बोळात, आणि पंधरा दिवसांत थाळी पुढच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली पोचली. शेजारी पाण्याचं मातीचं पसरट भांडं. पाखरं थाळीमागोमाग पुढे गेली. मी ते रोज पाहत होते म्हणून विश्वास ठेवते, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर म्हटलं असतं, काहीतरीच. गार्डसाहेबांनी एवढीच ताकीद दिली की मूठभरच घाला, उरलेलं उचला, थाळी रोज घासा, नाहीतर पारव्यांचा थवा मुक्कामाला येईल आणि गल्ली घाण करेल. माय थाळी पूजेच्या भांड्यांइतकीच लख्ख घासायची.

तिची आणखी एक अट होती. दोन कणसं पाखरांसाठी उघडी ठेवायची. सतरातली दोन! मी चडफडले, पण ऐकलं. सगळ्यांत लहान दोन निवडायला मात्र मी मागेपुढे पाहिलं नाही. माझं हे कारस्थान मायला कळलं होतं.

शिवरात्रीच्या आसपास पंधरा कणसं कापली. एका पांढऱ्या चादरीवर मायने ती हाताने चोळली, सुपाने पाखडली. डबा भरला, आणि वर चार मुठी उरल्या. मी पुन्हा पुन्हा डबा उचलून त्याचं वजन बघत होते. मला स्वतःचा अभिमान वाटत होता आणि मी तो घरात सगळ्यांना ऐकवतही होते.

दोन दिवसांनी भाऊ आला. माझा भाऊ वाईट नाही. मायला भेटायला दर महिन्याला येतो, येताना हरभरा, तूर आणतो. त्याने डबा पाहिला, दाणे तळहातावर घेतले आणि खूश झाला.

"आक्का, कमाल केलीस. देऊन टाक, मी घेऊन जातो. पेरायला जमीन लागती."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बी शेतावर जायचं. आमच्यात ते लेकीकडे कधी जात नाही, सुनेकडे जातं, आणि सून नसली तरी शेत असतंच. मी तर त्याच्यासाठी मलमलीची एक पिशवीही शिवून ठेवली होती. मी ती आणून त्याच्यासमोर ठेवली.

मायने त्याला विचारलं, "पाखरांचं काय करशील?"

"काय करायचं?" तो म्हणाला. "बांधाला एक तास टाकतो. पाखरांनी ठिवली तर ठिवली. लयच तरास झाला तर औषध हाय की."

माय काठी टेकत स्वयंपाकघरात गेली आणि मला गॅस पेटवायला सांगितला. लोखंडी कढई तापली तशी तिने वर उरलेल्या चार मुठी आणायला लावल्या. मूठ मूठ टाकत, वर फडक्याचा बोळा फिरवत तिने त्या सगळ्या फोडल्या. लाह्या उडून ओट्यावर, जमिनीवर पडायला लागल्या. मी बघत राहिले. ती हे का करतेय ते मला कळेना. निवल्यावर तिने त्या मी शिवलेल्या पिशवीत भरल्या आणि भावाच्या हातात दिल्या.

"घे. लेकरांना दे."

"अन् बी?"

"तुला ह्येच."

"माय, लाह्या पेरतात व्हय?"

"न्हाई पेरत," माय म्हणाली. "म्हणून दिल्या."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी काही शिकवून ठेवलं असेल असं त्याला वाटलं असावं. मी मान हलवली. तो म्हणाला, "हिच्याकडं जमीन कुठं हाय?"

"जेवढी हाय तेवढीत हिनं राखलं," माय म्हणाली. "एक पाखरू मेलं न्हाई अन् बी बी राहिलं."

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, पदर पुढं कर. मी केला. तिने डबा उघडून एक मूठ माझ्या पदरात टाकली आणि झाकण लावून डबाही वर ठेवला. लग्नापासून आजवर मायने माझी ओटी कितीदा भरली असेल. दर वेळी गहू, तांदूळ, नारळ. मी ते सगळं सासरी आणलं, शिजवलं आणि खाऊन संपवलं. पेरायचं असं तिने मला पहिल्यांदाच दिलं.